घरी सांभाळणारं कोणी आहे का

१४ ऑक्टोबर

अर्जुनीच्या डॉक्टरांनी सांगितलं, रोज थोडं लिहून ठेवत जा. गोळ्या दिल्या का, पोट साफ झालं का, झोप लागली का. म्हणून ही वही. गोळ्या दिल्या. झोप बरी. पोट नाही.

नोकरीत होतो तेव्हा रोज डायरी लिहीत होतो. इटियाडोह धरणाच्या कालव्यावर निरीक्षक होतो. कोणत्या गेटातून पाणी सुटलं, कोण कोणाशी भांडलं, कोणी पाट फोडला, सगळं लिहायचं. आता कालवा नाही, बायको आहे. सुभद्राला लकवा मारून दोन वर्षं होत आली. उजवा हात गेला, उजवा पाय गेला आणि बोलणं गेलं. ऐकू सगळं येतं. त्यातलं समजतं किती, ते देवाला ठाऊक.

सकाळी भात करपला. पुन्हा टाकला.

१७ ऑक्टोबर

हिला चाकाच्या खुर्चीत बसवून रोज केंद्रात नेतो. ‘ज्येष्ठ व दिव्यांग दिवस सेवा केंद्र’ असं पाटीवरचं नाव आहे. गाव म्हणतं म्हाताऱ्यांची शाळा. जुन्या शाळेच्याच दोन खोल्या आहेत, त्यामुळे नाव चिकटलं ते चिकटलंच. गोंदियाची एक संस्था चालवते आणि अनुदान सरकार देतं. सकाळी सोडायचं, संध्याकाळी घरी आणायचं. दुपारचं जेवण तिथंच. हातापायांचा व्यायाम करवून घेतात.

अंजू म्हणून मुलगी केंद्र बघते. गोंदियाला लागून मुर्री आहे, तिथली. इथं अर्जुनीत खोली करून राहते. बोलते अर्धं हिंदी, अर्धं मराठी, आणि दोन्ही घाईघाईत.

हिला आत सोडलं की मी समोरच्या चिंचेखाली बसतो. घरी जाऊन करायचं काय? पेपरही केंद्रातच येतो. अंजू आज म्हणाली, "काकाजी, आप घर जाके थोडा सो जाइए ना. संध्याकाळी या."

"मले दिवसा झोप येत नाही," म्हटलं.

मग बसल्या बसल्या डोळा लागला. जाग आली तर केंद्रातला बकाराम काठी टेकत समोर उभा. त्याला दिसत जवळजवळ नाही, पण घोरणं ऐकू येतं. म्हणाला, "दुधराम, तुह्यी हजेरी लागते का गा इथं? का फुकटच झोपतेस?" आत सगळे हसले. हीसुद्धा हसली असं अंजू म्हणते. मी पाहिलं नाही.

२५ ऑक्टोबर

गोळ्या दिल्या. पोट साफ.

केंद्रात पळसाच्या पानांच्या पत्रावळी लावतात. हिला एक हात नाही, म्हणून मी म्हटलं हिला त्यात बसवू नका, उगाच खिन्न होते. अंजूनं ऐकलं नाही. हिच्यासमोर रिंकूला बसवलं. रिंकू गावातल्या प्रेमिलाची मुलगी, तिशीची आहे, पण अक्कल चार वर्षांच्या पोरीची. रिंकूनं पानावर पान धरायचं आणि हिनं डाव्या हातानं काडी टोचायची. दोघी मिळून एक बाई. पहिल्या पत्रावळीत वरण टाकलं तर खालून गळेल अशी होती, पण झाली.

काडी टोचताना ही गुणगुणली. शब्द नाहीत, नुसता आवाज. अंजू मला बोलवायला चिंचेपर्यंत धावत आली. मी गेलो तेव्हा थांबली होती. थांबली ते बरंच झालं, मी तिथं काय केलं असतं?

६ नोव्हेंबर

दिवाळी झाली. वीरेंद्र आला नाही. रायपूरला कारखान्यात आहे, सुटी मिळाली नाही म्हणाला. फोनवर विचारलं, "आईचं कसं आहे?" म्हटलं, ठीक आहे. "तुमचं?" म्हटलं, मला काय होतं. "काही लागलं तर सांगा." म्हटलं, इथं सगळं आहे.

सकाळच्या गोळ्या बहुतेक दोनदा दिल्या गेल्या. पाकिटात एक कमी निघाली. हिला काही झालं नाही, नुसती झोपून राहिली. डॉक्टरांना सांगण्यासारखं त्यात काही नाही.

१२ नोव्हेंबर

आज सर्वेवाल्या मॅडम आल्या. केंद्रातल्या प्रत्येकाच्या घरी जाऊन चौकशी करत आहेत. अंजूनं काल सांगून ठेवलं होतं, "काकाजी, जे आहे ते खरं सांगा बस." खरं सांगायला मला कोणी शिकवायला नको.

मॅडम चांगल्या होत्या. ओसरीवर बसल्या, पाणी घेतलं. खुशाल शेजारी त्याच्या भिंतीवर हात टेकून उभा होता. त्याच्या मागं त्याची सून, तिच्या मागं आणखी दोघी. गावात गाडी आली की भिंतीला डोकी उगवतात. मॅडमनी हिचं वय, आजार, औषधं विचारली. मग म्हणाल्या, "घरी यांना सांभाळणारं कोणी आहे का?"

मी म्हटलं, "हो, आहे ना. मी आहो. मुलगा आहे, सून आहे. आमच्या घरी काही कमी नाही."

खुशालनंही मान हलवली. म्हणाला, "मोठं घर हाये मॅडम. गावचा तलाव यांच्याच पणज्यानं बांधला."

ते खरंच आहे. आम्ही कोहळी. तलाव बांधणारी जात. दुसऱ्याच्या शेताला पाणी दिलं, कोणाच्या दारात पाणी मागायला गेलो नाही. मॅडमनी लिहून घेतलं आणि उठल्या. जाताना म्हणाल्या, "आजी नशीबवान आहेत." मी हिच्याकडं पाहिलं. ही भिंतीवरच्या खुशालकडं बघत होती.

बकारामकडंही गेल्या. त्यानं चारही मुलांची नावं नोकऱ्यांसकट सांगितली म्हणे. एकही गावात नाही, ते मात्र सांगायचं राहिलं.

२९ नोव्हेंबर

धान निघालं. यंदा उतारा बरा आहे. मी बांधावर गेलो नाही, खुशालनंच माझंही चुरून, मळून घेतलं.

केंद्राचं अनुदान थांबलं. अंजूला वरून कळवलं आहे. ती आज पत्रावळ्यांच्या ढिगाजवळ बसून सांगत होती. नवीन नियम असा निघाला आहे की ज्यांच्या घरी दिवसभर सांभाळणारं कोणी नाही, अशांसाठीच हे केंद्र. निम्म्यापेक्षा जास्त माणसं तशी असली तर पैसा येणार. सर्वेत मात्र जवळपास सगळ्यांच्या घरी सांभाळणारी माणसं निघाली.

"हमको भी बाद में बताया काकाजी," अंजू म्हणाली. "पहिले माहीत असतं तर..."

मी म्हटलं, लोक काहीही सांगतात. सरकारी माणूस दिसला की गावाची जीभ वळते. ती माझ्याकडं बघत राहिली. मला वाटलं तिला अजून काही म्हणायचं आहे. मग ती भांडी घासायला गेली. जेवण करणाऱ्या बाईनं काम सोडलं आहे.

३० नोव्हेंबर

प्रेमिला दारात आली. ती रोजीनं शेतात जाते, माझ्याही बांधीत धानाच्या रोपांचा रोवणा लावते. नवरा तिला सोडून कधीचाच निघून गेला. आत ये म्हटलं तर आली नाही.

"पाटील, तुमी हो काऊन म्हनलं?"

"कायले हो?"

"मॅडमनं इचारलं घरी कोनी हाये का, त तुमी हो म्हनलं. मले खुशालच्या सुनेनं सांगितलं. मी सरळ सांगितलं का नाई, कोनी नाई, मी कामाले गेली का माही पोरगी एकटी. मले लाज नाई वाटली का? पन सांगितलं. तुमी मोठे लोक, तुमचं सगळं हाये. तुमच्या आहे-आहेमंदी माह्या पोरीची शाळा गेली."

मी म्हटलं, "मी खोटं नाही बोललो. मी आहोच ना घरी."

ती म्हणाली, "तुमी कुठं घरी राहता? तुमी त चिचेखाली राहता."

आणि गेली. मला राग यायला हवा होता. आला नाही. दोन वर्षांत राग येणं बंद झालं आहे, हसू येणंही. तोंडाला चव नसल्यावर जेवतो तसा दिवस जातो.

१० डिसेंबर

केंद्र चालू आहे, अंजूच्या जिवावर. डबे घरून न्यायचे. आम्ही काल भात आणि लोणचं नेलं.

आज चिंचेखाली कालवा आठवला. पाणी सोडायच्या आधी आम्ही गावोगाव फिरत असू. जो शेतकरी रडत असे, माझं वाळलं, माझं मेलं, त्याला आम्ही हसत असू. पण पाणी त्याच्याकडंच आधी जात असे. आणि एखादा ताठ मानेनं म्हणाला की आमच्या बोडीत साठलेलं पाणी आहे सध्या, तर आम्ही त्याची पाळी पुढं ढकलत असू. त्याचं धान वाळलं तर म्हणत असू, त्यानंच सांगितलं होतं. रडल्याशिवाय आई पण पाजत नाही, हे माझंच वाक्य होतं. जीपमध्ये बसून म्हणायचं.

बारा नोव्हेंबरचं पान उघडून पुन्हा वाचलं. आमच्या घरी काही कमी नाही. अक्षर मात्र सुंदर आलं आहे.

४ जानेवारी

तीन-साडेतीन आठवडे लिहिलं नाही. गोळ्या दिल्या. पोट, माहीत नाही.

सकाळी न्हाणीत हिला उचलताना माझी कंबर धरली आणि ही माझ्या हातातून सुटली. पडली नाही, घसरली. मी पण तिच्याबरोबर खाली बसलो. उठता येईना. दोघं ओल्या फरशीवर, अंगावर थंड पाणी. ही आवाज करत नव्हती. मीही केला नाही. हाक मारली असती तर खुशाल आला असता, पण हिच्या अंगावर धड कपडा नव्हता आणि मला ओरडवेना. बऱ्याच वेळानं भिंतीला धरून उठलो. तिला कसं उठवलं ते आठवत नाही.

नंतर खुशालनं विचारलं, "का गा, लंगडून काऊन राहिलास?" म्हटलं, काटा गेला. वीरेंद्रचा फोन आला. म्हटलं, थंडी बरी आहे यंदा.

झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. ती झाकून झाकून हाताला मुंग्या येतात, ते कोणी सांगत नाही.

१५ जानेवारी

अंजू दोन-तीनदा गोंदियाला जाऊन आली. अर्ज दिले, रडली, भांडली असं ती म्हणते. मॅडम तयार झाल्या. सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेत येतील आणि सगळ्यांसमोर पुन्हा विचारतील. म्हणजे आज हो, उद्या नाही, असं कोणी म्हणायला नको. ज्याचं त्यानं हजर राहायचं, चालता येत नसेल तर खुर्चीवर आणायचं. त्या दिवशी निम्म्याहून जास्त लोकांनी खरं सांगितलं तर अनुदान पुन्हा चालू, नाही तर महिनाअखेर कुलूप.

बकाराम म्हणाला, "चार पोरांचा बाप आहो मी. गावासमोर कसं सांगू का मले भाकर द्यायले कोनी नाही? जावई माणसं बसून राहतील तिथं." मग थोड्या वेळानं म्हणाला, "तू सांगशील का? तू सांगितलं त मी सांगतो. तू पाटील आहेस. तुह्या मागं सगळेच बोलतील."

चिंचेखाली बसलेले सगळे माझ्याकडं बघत होते. ज्याला दिसत नाही तोसुद्धा. मी म्हटलं, सांगतो.

२५ जानेवारी

उद्या काय बोलायचं ते ठरवलं. मोठं काही नाही. माझ्या घरी हिला सांभाळणारं कोणी नाही. मी आहे, पण माझ्यानं होत नाही. एवढंच. गुरांच्या कोठ्यात जाऊन दोनदा म्हणून पाहिलं. पहिल्यांदा आवाज फुटला नाही.

हिला सांगितलं नाही. सांगून तिला काय समजणार? नवं लुगडं नेसवलं की खूश असते. खुशालच्या सुनेला उद्या नेसवायला बोलावलं आहे.

लाज वाटते. ती अजून वाटते हे पाहून जरा बरं वाटलं.

२६ जानेवारी

झेंडावंदन झालं. मग शाळेच्या पटांगणात ग्रामसभा. मंडप भरला होता. रस्ता, नळ, घरकुल, सगळं होईपर्यंत ऊन वर आलं. ही माझ्याशेजारी खुर्चीत, डोक्यावर पदर. अंजू पहिल्या रांगेत बसली होती. तिचे ओठ नुसते हलत होते, नवस बोलत असावी. प्रेमिला मागं, रिंकूचा हात धरून.

मॅडमनी पहिलं नाव प्रेमिलाचं घेतलं. ती उभी राहिली आणि तेच बोलली, कोनी नाई. मग माझं नाव आलं.

मी उभा राहिलो. खुशाल समोरच होता. व्याही-मंडळी होती. माझ्या हाताखाली काम केलेले दोघे होते. मॅडमनी विचारलं, "दुधरामजी, घरी यांना सांभाळणारं कोणी आहे का?"

मी म्हटलं, "नाही." आवाज बरा आला. "माझ्या घरी कोनी नाही. मुलगा रायपूरले आहे. मी आहो, पन माझ्यानं होत नाही. मागं न्हाणीत मी हिले पाडलं. गोळ्या दोन-दोनदा देतो. मले कोनी विचारलं त मी सगळं आहे म्हणतो. सगळं नाही."

बकाराम काठीवर दोन्ही हात ठेवून उठायच्या तयारीत होता. मी पाहिलं, त्याच्या मागं आणखी दोघं-तिघं सरसावून बसले होते. अंजूनं तोंडावर ओढणी धरली.

मॅडम म्हणाल्या, ठीक आहे. मग त्या उठून हिच्यापाशी आल्या, खाली वाकल्या. चांगल्या मनानंच आल्या असणार. हिच्या हातावर हात ठेवून म्हणाल्या, "आजी, खरं का हो? घरी तुम्हाला सांभाळायला कोणीच नाही?"

हिनं माझ्याकडं पाहिलं. डोळे भरले होते. मला वाटलं उन्हानं. मग डावा हात उचलला आणि माझ्या सदऱ्याचं टोक धरलं. तोंड वाकडं झालं, मान ताणली गेली, आणि घशातून आवाज आला.

"हे," म्हणाली.

पुन्हा जोर लावला. "हे... हायेत."

आणि सदरा सोडला नाही. अजून एकदा म्हणाली, गावाकडं बघून, जसं मी खोटं बोललो होतो आणि तिला ते दुरुस्त करायचं होतं. "हायेत. हायेत ना."

दोन वर्षांत पहिला शब्द. आधी एक बाई रडली, मग टाळी वाजली, मग सगळा मंडप टाळ्या वाजवत उठला. खुशाल डोळे पुसत होता. सरपंच म्हणाले, बोलली, पाटलीनबाई बोलली. मॅडमनी चष्मा काढून पुसला, हसल्या आणि टेबलाकडं जाऊन लिहिलं.

त्यानंतर बकारामचं नाव आलं. तो उभा राहिला. म्हणाला, "आहेत जी. चार मुलं आहेत." त्याच्यापुढचाही म्हणाला, आहेत. त्याच्यापुढचीही. अशा बोलण्यानंतर कोण म्हणेल, माझं कोणी नाही म्हणून?

मला आनंद झाला. हे खरं आहे, म्हणून लिहितो. ती गावासमोर माझं नाव सांगत होती आणि मी ताठ उभा होतो. लग्नातही इतका ताठ नसेन. केंद्र गेलं, हे मला घरी आल्यावर कळलं. चूल पेटवताना.

आणि हेही लिहितो. तिला सगळं समजतं. दोन वर्षं सगळं समजत होतं. मी ‘माझ्यानं होत नाही’ म्हणालो, तेसुद्धा.

२८ जानेवारी

वीरेंद्रचा फोन. त्याला कोणी तरी सांगितलं. "बाबा, भर गावात म्हणालात की कोणी नाही? मी मेलो का? मला एकदा सांगितलं का तुम्ही?" मी म्हटलं, नाही सांगितलं. मग म्हणाला, "आई बोलली म्हणे." म्हटलं, हो. फोन हिच्या कानाला लावला. ही काही बोलली नाही. तो आई आई करत राहिला. मार्चमध्ये येतो म्हणाला.

हिच्याशी मी बोललो नाही. काय बोलू?

३१ जानेवारी

केंद्राला कुलूप. अंजूनं किल्ली ग्रामपंचायतीत दिली. जाताना घरी आली. मी म्हटलं, "आमच्यामुळं गेलं तुझं काम."

"नहीं काकाजी," म्हणाली. "काकूंचा आवाज ऐकला मी. उसके लिए ही तो सब किया था." मग ओसरीच्या खांबाला टेकून खूप रडली. हिनं तिच्या डोक्यावरून डावा हात फिरवला. अंजूला दुसरीकडं काम मिळालेलं नाही. मुर्रीला आईकडं जाते आहे. मला वाईट वाटलं. वाटलं म्हणजे, वाटायला हवं होतं ते आठवलं.

३ फेब्रुवारी

दुकानात जाताना प्रेमिलाच्या घरावरून गेलो. दार नुसतं लोटलेलं होतं. आत रिंकूला खाटेच्या पायाशी लुगड्यानं कमरेला बांधलं होतं. शेजारी पाण्यानं भरलेला गंज आणि ताटात भात. ती काही करत नव्हती. मला पाहून हसली, दोन्ही हात पुढं केले.

मी उभा राहिलो. मग पुढं गेलो. तेल घेतलं, साबण घेतला. येताना दुसऱ्या रस्त्यानं आलो.

हिला सांगितलं. आता सांगतो सगळं. तिनं तोंड फिरवलं. संध्याकाळी जेवली नाही. मी म्हटलं, मी काय करू? तिनं डोळे मिटून घेतले. शब्द नाही निघाला. त्या दिवसानंतर एकही निघालेला नाही.

६ फेब्रुवारी

उन्हाळी धानाला कालवा सुटला आहे. सगळीकडं रोवणा चालू आहे.

सकाळी हिला ओसरीवर बसवून तोंड धुवत होतो, तर प्रेमिला दारात. कमरेला पदर खोचलेला, एका हातात डबा, दुसऱ्या हातात रिंकू. या वेळी आत आली. रिंकूला हिच्या खुर्चीजवळ बसवलं आणि उभी राहिली.

"पाटील, तुमच्या घरी सांभाळनारं कोनी हाये ना? साऱ्या गावानं ऐकलं. पाटलीनबाई सोता बोलल्या."

मी हातातला तांब्या खाली ठेवला.

"मंग हिलेबी पाहा. दिवस बुडायच्या आत येतो मी. तिले मुतायची सांगता येते, लवकर नेजा. आगीजवळ जाऊ देजा नका." मग म्हणाली, "आज तुमच्याच बांधीत रोवना हाये. हिले बांधून मी तुमच्या बांधीत कशी उभी राहू? सांगा. हो का नाई, एकच सांगा."

माझी कंबर दुखत होती. आंघोळ राहिली होती, चूल पेटायची होती, हिच्या गोळ्या द्यायच्या होत्या. माझ्यानं होत नाही हे मी सव्वीस तारखेला गावाला सांगितलं होतं, ते खरं होतं आणि आजही खरं आहे. रिंकू हिच्या मांडीवर डोकं टेकून बसली होती. ही माझ्याकडं बघत होती, तिकडं ग्रामसभेत पाहिलं तशी.

"हो," म्हटलं.

प्रेमिला लगेच गेली. आभार वगैरे काही नाही, ते बरं झालं.

भीती वाटते आहे. दोघींना उचलता येणार नाही, एकीला पण येत नाही. खुशालच्या सुनेला हाक मारली. भिंतीवरून म्हटलं, माझ्यानं होत नाही, दुपारी हिला न्हाणीत न्यायला येशील का? ती हो म्हणाली. तिला काहीच नवल वाटलं नाही.

आता लिहायला वेळ नाही. तीन माणसांना तांदूळ किती लागतो, ते हिला विचारायचं आहे.